हौसानं ओटी उधळली

नारळ गजरामावशींच्या कपाळाला लागायचा तो खिडकीच्या गजावर आपटला आणि फुटला. पाणी माझ्या पांढऱ्या गणवेशावर उडालं.

"धरा तिला! अगं धरा कुणीतरी!" मावशी ओरडल्या.

पण हौसाला धरणार कोण? पाटावर बसलेल्या वत्सलेवर ती झेपावली होती. ओटीतले तांदूळ, खण, हळकुंड तिनं एका हातानं उधळून लावलं, दुसऱ्या हातानं वत्सलेच्या कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसलं, आणि मग तिला कमरेला मिठी मारून मागे खाटांच्या दिशेनं ओढायला लागली. वत्सला किंचाळत होती. तिच्या नव्या हिरव्या साडीचा काठ टरकला. मी सोडवायला गेले तर हौसानं माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. शेवटी आम्ही चौघींनी मिळून तिला बाजूला केलं. इंजेक्शन दिलं तेव्हा ती रडत नव्हती की शिव्या देत नव्हती. दाराकडे बघत नुसती धापा टाकत होती.

"सवाष्णीचं कुंकू पुसलं गं रांडेनं," मावशी भिंतीला टेकून म्हणाल्या. "दुसरी घरी निघाली की हिच्या पोटात आग पडतीया."

मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता पंचाहत्तरी उलटली आहे, सकाळी काय जेवले ते दुपारी आठवत नाही, पण तुडवलेल्या हळदी-तांदळावरून उचललेलं वत्सलेचं ते पाऊल मला अजून दिसतं.

साल चौऱ्याहत्तर, डिसेंबरचा पहिला आठवडा. मनोरुग्णालयाच्या स्त्रियांच्या चार नंबर वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. वय चोवीस, नोकरीला वर्ष व्हायचं होतं, कायम झाले नव्हते. सगळे मला साळवे सिस्टर म्हणत. गजरामावशी वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या आया. त्यांनी तिथं एक रीत पाडली होती. बरी होऊन घरी निघालेल्या बाईला त्या सकाळी न्हाऊ घालत, केसांना तेल लावून वेणी घालत, देणगीतल्या साड्यांच्या पेटीतून हिरवी साडी काढून नेसवत, हातात हिरव्या बांगड्या चढवत आणि पाटावर बसवून तिची ओटी भरत. माहेरवाशिणीला पाठवतात तशी. "येताना हात बांधून आणत्यात बायांना," त्या म्हणायच्या. "जाताना तरी मानानं जाऊ द्या." आणि दारात शेवटचं सांगायच्या, "मागं वळून बगू नको. आन् ह्या उंबऱ्यात पुन्ना पाऊल टाकू नको."

मी ख्रिस्ती. आमच्या घरी ओटी भरत नसत. तांदूळ किती घ्यायचे, खण कसा ठेवायचा, हे सगळं मला मावशींनी वॉर्डात शिकवलं.

हौसा माण तालुक्यातली. पस्तिशीची, उंच, हाडापेरानं दणकट. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला आवाज ऐकू यायचे, त्या आवाजांशी ती दिवसभर भांडायची. औषधांनी ते कधीच थांबलं होतं. आता ती शिवणाच्या वर्गात गोधड्या शिवायची, कुणी जेवेना तर तिला भरवायची. अशी बाई तीन महिन्यांत चार वेळा अंगावर धावून गेली होती. चारही वेळा घरी निघालेल्या बाईच्या नाहीतर मावशींच्या. रिपोर्ट बुकात दर वेळी एकच वाक्य होतं: कारण नसताना हिंसक झाली. त्यातली दोन वाक्यं माझ्या अक्षरात होती.

त्या दुपारी सोनावणे मेट्रननी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक पोस्टकार्ड होतं.

"हौसाच्या भावाचं. पुढच्या शनिवारी न्यायला येतोय. तीन वर्षांत पहिल्यांदा."

"बरं झालं की, मॅडम."

"काय बरं झालं? मनगट बघा तुमचं. अशी बाई मी त्याच्या लेकराबाळांत पाठवू? बंद विभागात हलवावी लागेल."

बंद विभाग म्हणजे भिंतीपलीकडची सात खोल्यांची चाळ. तिथं गेलेली बाई वर्ष वर्ष बाहेर येत नसे. आणि रिकाम्या हातानं परत गेलेला भाऊ दुसऱ्यांदा एसटीत बसत नसे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबा," दारातून आवाज आला. "मला जरा बघू द्या."

हे डॉक्टर उकिडवे. नुकतेच बदलून आले होते. उंच, वाकलेले, खिशात कायम शेंगदाणे. बायका त्यांना उकडीचे डॉक्टर म्हणत आणि ते त्याला ओ देत.

"बघा," मेट्रन म्हणाल्या. "शुक्रवारी संध्याकाळी मी कागदावर सही करणार."

डॉक्टरांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी मेट्रनच्याच ऑफिसात जमवलं. मी, गजरामावशी आणि शिवण शिकवणाऱ्या हमीदाबाई. खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळे आम्ही तिघीही भिंतीला लागून उभ्या राहिलो. डॉक्टरही मग उभेच राहिले.

"हौसानं काय केलं ते या वहीत आहे," ते म्हणाले. "त्याच्या आधी आपण काय केलं ते कुठंच नाही. ते मला सांगा."

त्यांनी वही मिटून बाजूला सारली.

"आधीच्या अर्ध्या तासात? कोण काय बोललं, काय करत होतं?"

"काय बी न्हाई, साहेब," मावशी म्हणाल्या. "नेहमीचंच."

"काही नाही, सर," मी म्हणाले.

हमीदाबाईंनी पदर सारखा केला. "मी तर वर्गात होते."

डॉक्टरांनी आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसले. ते नवे होते, पण सरकारी दवाखान्यात नवे नव्हते. तिथं "मी अमुक केलं" असं म्हटलं की त्याचा मेमो व्हायचा. म्हणून कुणी कधी काही केलेलं नसायचं. सगळं रोगीच करायचे.

"ठीक आहे, जा," ते म्हणाले. "वॉर्डात तुम्ही बसून कधी बोलता?"

"बसून?" मावशींना हसू आलं. "बसतो कुठं आमी? मटार सोलताना बसतो तेवडंच."

हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघराकडे मटाराची पोती यायची आणि निम्मी सोलायला चार नंबरच्या व्हरांड्यात पडायची. दुपारी बायका ऊन खात तिथं बसायच्या, एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला आम्ही. तिसऱ्या दिवशी आम्ही बसलो तर डॉक्टर आले आणि बूट काढून सरळ सतरंजीवर मांडी घालून बसले. पुढ्यात शेंगांचा ढीग ओढला.

मावशींच्या हातून परात निसटली. "अवं साहेब, खुर्ची आणती की!"

"खुर्चीवरून शेंगा लांब पडतात."

पहिली दहा मिनिटं आम्ही सगळ्या अवघडून गेलो. मग हमीदाबाई न राहवून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सोलता एक अन् खाता दोन. अशानं भाजी कशाची करायची?"

"आईपण असंच म्हणायची."

"मारायची का?"

"हो, उलथन्यानं."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हौसा मान खाली घालून शेंगा सोलत होती. तिच्याइतका झपाझप कुणाचाच हात चालत नव्हता.

"मी आल्यापासून एक बघतोय," डॉक्टर शेंगांकडे बघतच म्हणाले. "ही बाई रोज सकाळी त्या म्हाताऱ्या सीताबाईची वेणी घालते. कुणाला ढकलत नाही, टाकून बोलत नाही. मग घरी जाणाऱ्या बाईवरच का?"

"जळतीया," मावशी म्हणाल्या. "ही हितंच, आन् दुसरी चालली."

"चारही वेळा?"

"चारी येळा. येक नर्मदा, येक ती सासवडची, मग कमळ, आन् आता वत्सला."

"म्हणजे तीन महिन्यांत चार बायका घरी गेल्या."

"चार कशा?" हमीदाबाई म्हणाल्या. "सहा. माझ्या जुलेखाला विसरलात? तिच्या वेळी हौसानं कुठं दंगा केला? उलट तिचं बोचकं डोक्यावर घेऊन दारापर्यंत गेली होती. मी स्वतः बघितलं."

"आन् राधाक्का बी गेली," मावशी आठवत म्हणाल्या. "तवा बी गप व्हती. पाया पडली राधाक्काच्या."

डॉक्टरांचा हात थांबला. "मग जळते कशी म्हणता? सहा जणी घरी गेल्या. दोघींना तिनं हसत पाठवलं, चौघींना ओढून ठेवलं. या दोघी वेगळ्या कशा?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"राधाक्कानं जाताना काय नेसलं होतं?"

"तिचंच पांढरं लुगडं."

"ओटी भरली?"

"काय बी बोलता साहेब!" मावशींनी कानाला हात लावला. "इधवा बाईची वटी भरत्यात व्हय?"

"आणि जुलेखाची?"

"आमच्यात कुठं असते?" हमीदाबाई म्हणाल्या. "मी तिला अत्तर लावलं, बस."

"म्हणजे जाण्याचा राग नाही," डॉक्टर सावकाश म्हणाले. "ओटीचा आहे. हिरवी साडी, बांगड्या, पाट. हौसाला त्यात काय दिसतं? तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ती स्वतः तबक धरून उभी असायची, असं मेट्रन सांगत होत्या. मधे काय झालं?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

मधे काय झालं ते मला माहीत होतं. मावशींनाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच नको म्हटलं. त्यांची पेन्शन दीड वर्षावर आली होती. माझ्यामागे शिकणारी दोन भावंडं होती आणि कायम होण्याचा कागद महिन्याभरात निघायचा होता. पलीकडे हौसाच्या सुपात मटाराचा ढीग वाढत होता. तिचा भाऊ शनिवारी येणार आहे हे तिला अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

"मालन वारली," मी म्हणाले.

"शिस्टर," मावशी पुटपुटल्या.

"सप्टेंबरात मालन म्हणून एक पेशंट वारली, सर. न्यूमोनिया झाला होता. नऊ वर्षं होती इथं. नवऱ्याला तार केली तर उत्तर आलं, येणे जमत नाही, तुम्हीच उरकावे." मी हातातली शेंग खाली ठेवली. "नियम असा की पांढऱ्या चादरीत गुंडाळून थेट शवागारात न्यायचं. वॉर्डातल्या माणसांनी हात लावायचा नाही. मी ड्यूटीवर होते. मी तसं केलं नाही."

"तिनं येकटीनं न्हाई," मावशी एकदम म्हणाल्या. हातातली सालं त्यांनी परातीबाहेर भिरकावली. "ती पोरगी काय सांगती? तिला काय ठावं आमच्यातलं? म्याच म्हणलं. सवाष्ण बाई, अशी चादरीत जायची न्हाई. बाया रातच्या जेवायला बसल्या व्हत्या. मागल्या न्हाणीत नेली, ऊन पाण्यानं न्हाऊ घातली, हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या, मळवट भरला, वटी भरली. मग मागल्या दारानं दोघं जण स्ट्रेचर घिऊन आलं. शिस्टर माझ्यासंगं व्हती एवडंच."

"आणि बाकीच्या बायकांना काय सांगितलं?"

"दुसऱ्या वॉर्डात हलवली म्हणून," मी म्हणाले. "कुणी गेलं की आम्ही तेच सांगतो. त्यांना त्रास नको म्हणून."

"मालनची खाट कुठली होती?"

सांगायची गरज नव्हती, तरी हमीदाबाईंनी सांगितलं. "हौसाच्या शेजारची."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "न्हाणीच्या दाराची फळी निखळलीया, साहेब. बगितलं आसंल तिनं. आन् आमी ती जळतीया म्हणत बसलो. ती त्या पोरींना वाचवीत व्हती का ओ?"

मी त्याच संध्याकाळी मेट्रनकडे गेले. डॉक्टर म्हणाले होते, घाई नाही, मी बोलतो. पण मला ते पोटात ठेवून झोप लागली नसती. मेट्रननी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"मळवट नीट भरला होता का?"

"हो, मॅडम. मावशींनी भरला."

"मला हाक मारायची. मीही आले असते." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मेमो मात्र मिळेल. दोघींनाही. तो द्यावाच लागतो."

तो मिळाला, आणि अजून माझ्या ट्रंकेत आहे. मी महिनाभर उशिरा कायम झाले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हौसाच्या खाटेपाशी गेलो. काय सांगायचं हे चौघांनी मिळून ठरवलं होतं. खोटं काही बोलायचं नाही आणि तिच्या हातून झालेल्याचा विषय काढायचा नाही. बोलणार मी आणि मावशी, कारण न्हाणीत आम्ही होतो. हमीदाबाई पलीकडच्या खाटेवर गोधडी घेऊन बसल्या.

"हौसा, मालन वारली," मी म्हणाले. "दुसऱ्या वॉर्डात नाही गेली. आम्ही खोटं बोललो."

तिनं मान वर केली नाही. "ठावं हाय मला."

"तू बघितलंस?"

"फळीतनं बगितलं. पाणी घालत व्हता. ती काय बोलंना." तिच्या बोटांनी चादरीचा कोपरा गुंडाळायला सुरुवात केली. "मालन आन् गप बसंल? न्हाताना तर किती कालवा करायची. पाणी लई ऊन, पाणी लई गार. आन् तवा गप. तुमी नेसवली, वटी भरली, तरी गप. मग दोघं आलं आन् घिऊन गेलं."

"ती आधीच गेली होती, हौसा. पहाटे, आजाऱ्यांच्या खोलीत. आम्ही तिला नंतर न्हाऊ घातलं."

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "नंतर?"

"नंतर गं बाई," मावशी म्हणाल्या. "तिचं कुणी आलं न्हाई. म्हणलं सवाष्ण हाय, मानानं जावी."

"मंजी..." ती थांबली. "मंजी न्हाऊ घातल्यानं न्हाई मेली?"

मावशींनी मान हलवली आणि हौसाच्या पाठीवर हात ठेवला.

"मग नर्मदा? ती बी पाटावर गप बसली व्हती. मान खाली घालून. कमळ बी. वत्सला बी." हौसा माझं मनगट बघत होती, पट्टी बांधलेलं. "कुटं हायत त्या?"

"त्यांच्या घरी. खरंच."

"तुमी मालनचं बी सांगितलं व्हतं. दुसऱ्या वार्डात."

ज्या बाईशी आपण एकदा खोटं बोललो तिला नुसतं खरं सांगून भागत नाही, हे मला तिथं कळलं.

दुपारी मटाराच्या ढिगाभोवती पुन्हा तेच.

"तिला दाखवायला हवं," डॉक्टर म्हणाले. "पण काय दाखवणार? गेलेली बाई परत वॉर्डात येतच नाही."

"यायचीच न्हाई," मावशी म्हणाल्या. "मीच सांगती, उंबऱ्यात पाऊल टाकू नको म्हणून. वंगाळ असतं. परत आली की रोग परत येतो."

"पण दवाखान्यात येतातच की," हमीदाबाई म्हणाल्या. "गोळ्या न्यायला. भिंतीच्या पलीकडे रांगेत उभ्या असतात. वत्सलेला आठ दिवसांनी बोलावलंय. मंगळवारी."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. त्यांनी शेंग सोलली, दाणे परातीत टाकले, दुसरी घेतली. ती किडकी निघाली. ती फेकून दिली.

"साहेब, पंदरा वर्सं झाली मी हे सांगतीया," त्या म्हणाल्या. "येक बी बाई उंबरा वलांडून परत आली न्हाई."

"हो," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच आतल्या बायकांना कधी कळलं नाही, की बाहेर गेलेल्या जिवंत आहेत."

त्या दिवशी परात भरेपर्यंत मावशी मान खाली घालून सोलत राहिल्या.

मंगळवारी हमीदाबाई सकाळपासून बाह्यरुग्ण विभागाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अकराच्या सुमारास मी वॉर्डाच्या दारात होते. वत्सला आली, पण एकटी नाही. पुढे तिची सासू होती, जाडजूड, हातात पिशवी.

"पुन्हा आत कशाला?" सासू म्हणाली. "ती बया मारील हिला."

"मारली तर माझ्यावर घ्या," मावशी म्हणाल्या. त्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्यांनी वत्सलेपुढे हात केला. "ये गं पोरी. उजवा पाय आदी टाक. माझ्या हाताला धर."

वत्सला आत आली. तीच हिरवी साडी होती, टरकलेला काठ दुरुस्त केलेला. डॉक्टर औषधाच्या कपाटापाशी पाठमोरे उभे होते, पण बाटल्या मोजायचं नुसतं नाटक होतं. मेट्रन व्हरांड्यातून जाता जाता थांबल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

हौसा खाटेवरून उठली. सावकाश चालत आली. ती वत्सलेच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि तिनं हात उचलला. मी पुढे झाले. तिनं तळहात वत्सलेच्या गालाला लावला. मग कपाळाला. मग दंडाला. आणि दंडाला चांगला सणसणीत चिमटा काढला.

"अगं आई गं! ए भवाने, दुखतंय की!" वत्सला ओरडली. "आधी साडी फाडली, आता चिमटे काढतीस!"

"दुखलं?"

"मग काय गुदगुल्या झाल्या?"

हौसा हसली. तिचा वरचा एक दात पडलेला होता, हे मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बघितलं. ती हसतच खाली बसली, वत्सलेच्या पायापाशी, आणि तिच्या साडीचा शिवलेला काठ हातात घेऊन बघायला लागली. "टाका लई मोठा घातलाय. कुणी शिवलं हे?"

"म्या," सासू फणकाऱ्यानं म्हणाली.

"आणा हिकडं. उसवून परत घालती."

आणि खरोखरच वत्सला अर्धा तास खाटेवर बसून राहिली, हौसा तिचा काठ शिवत राहिली आणि सासू पिशवीतून काढून सगळ्यांना चिक्की वाटत राहिली. शिवता शिवता हौसा विचारत होती. एसटीत जागा मिळाली का? घरी गेल्यावर काय रांधलं? नवरा काय म्हणाला? वत्सला सांगत होती. सगळ्या बायका जवळ सरकून ऐकत होत्या. चार नंबर वॉर्डात बाहेरची बातमी अशी पहिल्यांदाच येत होती.

मावशींनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "रोग परत आलेला दिसत न्हाई."

"नाही, मावशी."

"मग पुढल्या टायमाला नर्मदीला बोलवू."

शुक्रवारी मेट्रननी बंद विभागाचा कागद टराटरा फाडला नाही, तसल्या त्या नव्हत्या. फक्त सही न करता फाइलीच्या तळाशी सरकवला.

शनिवारी हौसाचा भाऊ आला. बारका, लाजरा माणूस, डोक्याला टापशी, फाटकाशी बाकावर बसून होता. मावशींनी हौसाला न्हाऊ घातलं. मी बाहेर उभी होते. आतून तिचं बोलणं एकसारखं चालू होतं. पाणी लई ऊन हाय, मावशी. साबण डोळ्यात गेला, मावशी. मला वाटलं, आनंदानं बोलते आहे.

मग तिला पाटावर बसवलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. मावशी तबक घेऊन वाकल्या आणि कुंकवाचं बोट पुढे केलं, तरी हौसाचं तोंड थांबेना. गावाकडच्या शेळीची गोष्ट सांगत होती, आणि तीही मोठ्यानं, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशी.

"अगं हौसे, वटी भरताना बाईनं गप बसावं," मावशी म्हणाल्या. "जरा दम धर. कुंकू वाकडं लागतंय."

"लागू द्या वाकडं. गप न्हाई बसायची मी." तिनं आवाज एकदम खाली आणला, फक्त आम्हा दोघींना ऐकू जाईल एवढा. "ती कोपऱ्यातली नवी पोरगी चादरीतनं बगतीया. तिला कळाया पायजे की."

मी वळून बघितलं. कोपऱ्यातल्या खाटेवर परवाच दाखल झालेली मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची. आल्यापासून डोक्यावरून चादर घेऊन पडली होती. चादरीच्या फटीतून तिचे दोन डोळे पाटावर खिळले होते.

मावशींचा हात क्षणभर तबकावरच थांबला. मग त्यांनी हौसाच्या ओटीत तांदळाची ओंजळ घातली.

"मग?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पुढं काय झालं शेळीचं?"

"तर काय सांगती मावशी, शेळी कुटं दिसंना. आय म्हणली लांडग्यानं नेली. बा म्हणला चोरली. म्या म्हणलं, न्हाई, ती माझ्यावर रुसलीया. गेली मी वढ्याकडं. ह्या झुडपात बग, त्या झुडपात बग..."

खण झाला. हळकुंड झालं. मी नारळ दिला. हौसानं तो पदरात घेतला आणि हात नाचवून सांगायला लागली की ओढ्याला पाणी किती होतं, आणि काटा कुठं रुतला, आणि अंधार पडायला कसा आला होता. मावशी मधे मधे हं हं करत होत्या. बायका हसत होत्या.

ओटी भरून झाली. हौसा पाटावरून उठायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून, बारीक, घोगऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं, "मग शेळी घावली का?"

मुलगी चादर बाजूला सारून उठून बसली होती.

"घावली की!" हौसा पुन्हा पाटावर टेकली. "ऐक तर."